अल-१३ क्लस्टर: जलापघटन आणि प्रकाशीय मापनं (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी: द्रावणं आणि हिशोब

काम असं: अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं सोडियम हायड्रॉक्साइडने जलापघटन करून अल-१३, म्हणजे १३ अ‍ॅल्युमिनियम अणूंचा धनभारित समूह (क्लस्टर), बनवायचा, त्याचं सल्फेट स्फटिकरूपात वेगळं काढायचं, ते पुन्हा पाण्यात आणायचं आणि मग हा क्लस्टर किती वेगाने तुटतो ते प्रकाशाच्या मापनांनी पाहायचं.

रचना एकदाच लिहून ठेवलेली बरी, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावरच उभे आहेत. मधोमध चार ऑक्सिजनांनी धरलेला एक चतुष्फलकी अ‍ॅल्युमिनियम. भोवती १२ अष्टफलकी अ‍ॅल्युमिनियम, त्यांना जोडणारे २४ हायड्रॉक्सो पूल, बाहेरच्या अंगाला पाण्याचे १२ रेणू. एकूण भार अधिक ७. केग्गिन रचनेची (एका मध्याभोवती १२ अष्टफलकांची मांडणी) ही एप्सिलॉन जात. योहान्सन यांनी १९६० मध्ये स्फटिकांवरून ती ठरवली.

१३ अ‍ॅल्युमिनियमचा भार ३९, त्यातला ७ उरतो. म्हणजे ३२ हायड्रॉक्साइड खर्ची पडतात आणि दर अ‍ॅल्युमिनियममागे ३२/१३ = २.४६ येतात. जलापघटन गुणोत्तर (दर अ‍ॅल्युमिनियममागे घातलेला हायड्रॉक्साइड) याच्या वर गेलं की जास्तीचा अल्कली क्लस्टरचेच प्रोटॉन काढतो आणि शेवटी जेल बसतं. म्हणून २.४० वर थांबायचं. फरक अगदी थोडा आहे: अल्कली १ टक्का जास्त आणि अ‍ॅल्युमिनियम १ टक्का कमी निघाला तरी २.४० चं २.४५ होतं. अचूक प्रमाणित केलेल्या द्रावणांशिवाय हे काम सुरूच करू नये.

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट १५.०९ ग्रॅम, २५० मिलि, ०.२५ मोलार. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे तराजूवरचं वजन फक्त अंदाजापुरतं धरायचं. खरी संहती ईडीटीएच्या (धातूला घट्ट धरणारं संयुग) उलट अनुमापनाने, म्हणजे जास्त घालून उरलेलं मोजून, ठरवली. द्रावण निवळ दिसावं म्हणून आम्ल घालायचा मोह टाळायचा. घातलंच तर ते गुणोत्तराच्या हिशोबातून वजा करावं लागतं.

सोडियम हायड्रॉक्साइड गोळ्यांपासून नको, त्यांच्यावर कार्बोनेटचा थर असतो. ५० टक्के द्रावणात कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं निवळ ३.३ मिलि घेऊन उकळून थंड केलेल्या पाण्यात २५० मिलि केलं. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित केलं, १.०२११ ग्रॅमला बरोबर ०.२५ मोलारचं २०.०० मिलि लागतं. साठवण पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत. काचेतून सिलिका सुटते आणि सिलिकेट अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतं.

८ जानेवारी: पहिली खेप, बिघडली

२५ मिलि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, ८० अंश सेल्सिअस, अल्कली वरून थेंबथेंब, मिनिटाला ४ मिलि. १५ मिनिटांत ६० मिलि आत गेलं. पहिल्या २० मिलिपर्यंत प्रत्येक थेंबाचा पांढरा धागा ढवळण्यात विरघळून जात होता. पुढे धागे टिकू लागले आणि शेवटी तळाशी गुठळ्या राहिल्या. दोन तास ८० अंशांवर ढवळूनही त्या गेल्या नाहीत. थंड झाल्यावर लेझर पॉइंटरची रेघ द्रावणातून स्वच्छ दिसली.

अल-१३ चा व्यास जेमतेम १ नॅनोमीटर. तो दृश्य प्रकाश इतका विखुरत नाही की रेघ दिसावी. रेघ दिसली म्हणजे कलिली हायड्रॉक्साइड आहे. गाळून काम भागत नाही, कारण गुठळ्यांत अडकलेला अल्कली गाळणीवर जातो आणि खाली उतरलेल्या द्रावणाचं गुणोत्तर २.४० राहत नाही. खेप टाकून दिली.

९ जानेवारी: दुसरी खेप

बदल दोनच: वेग आणि टोक. पेरिस्टाल्टिक पंप मिनिटाला ०.५ मिलि, म्हणजे ६० मिलिला १२० मिनिटं. नळीचं बारीक टोक द्रावणाच्या आत, ढवळणीच्या भोवऱ्याजवळ. थेंब पृष्ठभागावर पडण्याऐवजी अल्कली सुरुवातीपासूनच वेगाने फिरणाऱ्या द्रावणात मिसळतो.

टोक आत ठेवण्यात एक खोच आहे. पंप थांबला की आम्लधर्मी द्रावण नळीत शिरतं, तिथेच जेल धरतं आणि टोक बुजतं. म्हणून पंप आधी सुरू, मग टोक बुडवायचं. संपताना टोक आधी बाहेर, मग पंप बंद.

८० अंशांवर दोन तासांत बरंच पाणी उडून जातं. फ्लास्कवर कंडेन्सर आणि त्याच्या तोंडाशी सोडा लाइमची नळी लावली, कार्बन डायऑक्साइड आत येऊ नये म्हणून. रिकाम्या फ्लास्कचं वजन आधी नोंदलं होतं. शेवटी वजनाने तूट भरून काढली. अल्कली संपल्यावर अर्धा तास तापमान तसंच ठेवलं, मग बंद. याहून जास्त वेळ गरम ठेवायचं नाही, अल-३० (३० अ‍ॅल्युमिनियमचा मोठा क्लस्टर) व्हायला लागतो. थंड द्रावणाचा पीएच ४.३. लेझरची रेघ दिसत नाही. एकूण अ‍ॅल्युमिनियम ६.२५ मिलिमोल, ८५ मिलिमध्ये, म्हणजे ७३.५ मिलिमोलार.

तापमान कशासाठी? जुना तर्क असा की थेंबाच्या कडेला पीएच क्षणभर खूप चढतो, तिथे चतुष्फलकी अ‍ॅल्युमिनेट तयार होतं आणि तेच पुढे क्लस्टरचं मधलं बी बनतं. यातलं किती खरं हा वेगळा वाद. अल्कली एकसारखा मिसळूनही अल-१३ बनतो. प्रत्यक्षात उष्णतेचा रोकडा फायदा एवढाच की थेंबाभोवती धरलेलं जेल विरघळायला वेळ लागत नाही.

१० जानेवारी: अ‍ॅल्युमिनियम-२७ एनएमआर

एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांचा वर्णपट; रेषेची जागा पीपीएममध्ये सांगतात. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर अ‍ॅल्युमिनियम १०४.२ मेगाहर्ट्झला. संदर्भासाठी सोडियम अ‍ॅल्युमिनेट भरलेली बारीक केशनळी, तिची रेषा ८० पीपीएमला.

सुटा अ‍ॅल्युमिनियम ० पीपीएमला, अरुंद. अल-१३ चा मधला अ‍ॅल्युमिनियम ६३ पीपीएमला, तोही अरुंद, कारण त्याच्याभोवतीची चतुष्फलकी मांडणी जवळपास निर्दोष सममित आहे. बाकीचे १२ अष्टफलकी १० पीपीएमच्या आसपास इतके पसरलेले की खोलीच्या तापमानाला वर्णपटाच्या पायरेषेतच मिसळून जातात. म्हणून ६३ च्या रेषेचं क्षेत्रफळ मोजून त्याला १३ ने गुणायचं. वर्णपटात दिसतं तेवढंच अ‍ॅल्युमिनियम नमुन्यात आहे असं कधीही समजू नये.

एक धोका: प्रोबच्या आणि नळीच्या घटकांतल्या अ‍ॅल्युमिनियमचा रुंद उंचवटा ६० ते ७० पीपीएमच्या पट्ट्यात येतो. साधं पाणी भरून तोच वर्णपट घ्यायचा आणि वजा करायचा. उंचवटा न काढता क्षेत्रफळ घेतलं आणि ते १३ ने गुणलं तर चूकही १३ पटीने वाढते.

आजच्या नमुन्यात अल-१३ मध्ये ८८ टक्के अ‍ॅल्युमिनियम, सुटा ६ टक्के, उरलेला कुठल्याच रेषेत नाही. गुणोत्तर २.४० असल्याने सगळा हायड्रॉक्साइड क्लस्टरमध्ये गेला तरी सुमारे २.५ टक्के अ‍ॅल्युमिनियम सुटाच राहणार. १०० टक्के उत्तर आलं तर हिशोब तपासावा.

११ जानेवारी: सल्फेट

थंड द्रावणात ०.१ मोलार सोडियम सल्फेट ६२.५ मिलि, हलकेच मिसळून. ढवळणं बंद, झाकण लावून खोलीच्या तापमानाला ठेवलं. सल्फेट ६.२५ मिलिमोल झालं. सगळा अ‍ॅल्युमिनियम अल-१३ मध्ये गेला असं धरलं तरी क्लस्टर ०.४८ मिलिमोल, त्याला चारपट म्हणजे १.९२ मिलिमोल सल्फेट पुरतं. तिप्पट जास्त आहे, ते मुद्दाम. गरम द्रावणात सल्फेट ओतलं तर लगेच पांढरी भुकटी बसते. ती स्फटिक नसते, आम्लारीधर्मी सल्फेट असतं आणि धुवून सुधारत नाही.

१३ जानेवारी: गाळणं, फेरॉनची तयारी

४८ तासांनी भिंतीला आणि तळाला चमकदार दाणे. भिंगाखाली चौफलकी, धारदार कडांचे. गाळून थोड्या थंड पाण्याने, मग इथेनॉलने धुतले. हवेतच वाळवले. ओव्हन नको, स्फटिकातलं पाणी निघून गेलं की रचना विसकटते आणि क्ष-किरण विवर्तनाचा आलेख बोथट होतो. वजन ०.६१ ग्रॅम.

फेरॉन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमशी जोडलं गेलं की रंग देणारं अभिकर्मक, आजच करून ठेवावं लागतं. हे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनचं भावंड, ७ व्या जागी आयोडीन आणि ५ व्या जागी सल्फोनिक आम्ल असलेलं. अ: फेरॉन ०.२ टक्के, गरम पाण्यात सावकाश विरघळतं, थंड झाल्यावर गाळायचं. ब: सोडियम अ‍ॅसिटेट २० टक्के. क: संहत हायड्रोक्लोरिक आम्ल एक भाग, पाणी नऊ भाग. प्रमाण अ २.५, ब २, क १. मिश्रण तपकिरी बाटलीत पाच दिवस ठेवून मगच वापरायचं. ताज्या मिश्रणाचा ब्लँक (नमुन्याशिवायचं वाचन) रोज सरकत राहतो.

१५ जानेवारी: दाण्यांत खरंच किती अ‍ॅल्युमिनियम?

या सल्फेटमध्ये स्फटिकजल हवेच्या दमटपणाप्रमाणे कमीजास्त होतं, त्यामुळे रेणुभार गृहीत धरता येत नाही. ०.१००० ग्रॅम दाणे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून पूर्ण फोडले. ०.०५ मोलार ईडीटीए २५.०० मिलि घालून पुन्हा पाच मिनिटं उकळलं, कारण अ‍ॅल्युमिनियम थंडीत ईडीटीएला फार सावकाश बिलगतो. पीएच ५.५, झायलेनॉल ऑरेंज, ०.०२ मोलार झिंक. लागलं २३.४ मिलि.

घातलेलं ईडीटीए १.२५० मिलिमोल, उरलेलं ०.४६८. अ‍ॅल्युमिनियम ०.७८२ मिलिमोल म्हणजे २१.१ मिलिग्रॅम, २१.१ टक्के. यावरून प्रत्येक क्लस्टरमागे स्फटिकजल १२ रेणू आणि सोडियम मीठ धरून रेणुभार १६६२.५. उत्पन्न ७६ टक्के.

ताडून पाहायला दुसरा नमुना आम्लात न उकळता थेट ईडीटीएत टाकला. झिंक जास्त लागलं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कमी भरला. न तुटलेला क्लस्टर ईडीटीएच्या हाती लागत नाही. स्फटिकजल चुकून २० वगैरे येऊ लागलं तर पहिला संशय इथेच घ्यावा.

१७ जानेवारी: सल्फेट काढून क्लोराइड

स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नाहीत. बेरियमने सल्फेट ओढून घेतलं की क्लस्टर द्रावणात येतो. दाणे ०.५०० ग्रॅम म्हणजे ०.३०१ मिलिमोल, सल्फेट १.२०३ मिलिमोल. बेरियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२९४ ग्रॅम. ८० मिलि पाण्यात, खोलीच्या तापमानाला, रात्रभर ढवळत.

बेरियम नायट्रेटही चालतं आणि पुष्कळ ठिकाणी तेच वापरतात, पण इथे पुढे प्रकाशीय मापनं आहेत. नायट्रेटचा स्वतःचा दुबळा पट्टा ३०० नॅनोमीटरच्या आसपास येतो आणि २४० च्या खाली तर तो भिंतच उभी करतो. अशा द्रावणाच्या वर्णपटात ३०० ला दिसणारं टेकाड क्लस्टरच्या नावावर खपू शकतं.

१८ जानेवारी: गाळणीचा त्रास

बेरियम सल्फेट इतकं बारीक पडतं की ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पार जातं. नेहमीचा उपाय म्हणजे साका गरम ठेवून कण मोठे होऊ देणं, पण इथे गरम केलं की अल-१३ चा अल-३० व्हायला लागतो. शेवटी ०.२ आणि मग ०.१ मायक्रॉन, दोनदा. १०० मिलि केलं: अ‍ॅल्युमिनियम ३९.१ मिलिमोलार. थोड्या द्रावणात बेरियमचा एक थेंब आणि वेगळ्या थोड्यात सल्फेटचा एक थेंब टाकून पाहिलं, दोन्ही निवळ राहिले. उरलेला साका आणि धुवणाचं पाणी बेरियमच्या वेगळ्या डब्यात. विद्राव्य बेरियम विषारी आहे.

२० जानेवारी: फेरॉन, पहिली मालिका

मूळ द्रावण २.५० मिलि, १०० मिलिपर्यंत. त्यातलं १.०० मिलि २५ मिलिच्या फ्लास्कमध्ये: अ‍ॅल्युमिनियम ३९ मायक्रोमोलार, फेरॉन ५७० मायक्रोमोलार. प्रमाण सुमारे १५ पट. एका अ‍ॅल्युमिनियमला तीन फेरॉन लागतात, त्यामुळे दहापटीच्या खाली उतरलं की फेरॉनची संहती अभिक्रियेत घटू लागते आणि सरळ रेषा वाकते. विरल केलेलं द्रावण साठवायचं नाही, लगेच मोजायचं.

क्रम: फ्लास्कमध्ये आधी फेरॉन मिश्रण ५.५ मिलि आणि १५ मिलि पाणी, मग नमुना, त्याच क्षणी घड्याळ सुरू, खुणेपर्यंत पाणी, उलटंपालटं करून क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये. पहिलं वाचन १ मिनिटाला. ३७० नॅनोमीटर, २५ अंश. फेरॉन स्वतःच इथे बऱ्यापैकी शोषतं, म्हणून ब्लँक पाण्याचा नाही, फेरॉन मिश्रणाचा. ५.५ मिलि मोजताना झालेली चूक थेट वाचनात उतरते. ६०० नॅनोमीटरलाही एक नजर: तिथे काही दिसलं तर लोह आहे, फेरॉन लोहाबरोबर हिरवट रंग देतं.

सुटा अ‍ॅल्युमिनियम पहिल्याच मिनिटात रंग देतो, तो अ भाग. क्लस्टर हळूहळू फुटत दोन तास रंग वाढवत राहतो, तो ब भाग. उरलेला क भाग.

आजचे आकडे वापरायचे नाहीत. क्लस्टर फुटण्याचा स्थिरांक अपेक्षेपेक्षा बराच मोठा येत होता. मिश्रणाचा पीएच मोजला तर ४.८, हवा होता ५.१ च्या आसपास.

२१ जानेवारी: चूक सापडली

अ‍ॅसिटेटची बाटली ट्रायहायड्रेटची होती. हिशोब: निर्जल अ‍ॅसिटेटचं २० टक्के द्रावण २ मिलि म्हणजे ४.८८ मिलिमोल, आम्ल १.२ मिलिमोल; उरलेलं अ‍ॅसिटेट आणि झालेलं अ‍ॅसेटिक आम्ल यांचं प्रमाण ३.१, पीएच ५.२. ट्रायहायड्रेटचे तेच २० ग्रॅम घेतले तर अ‍ॅसिटेट २.९४ मिलिमोल, प्रमाण १.४५, पीएच ४.९. क्षारांच्या गर्दीमुळे मीटरवर दोन्ही आकडे आणखी थोडे खाली दिसतात. ट्रायहायड्रेट वापरायचंच असेल तर १०० मिलिला ३३.२ ग्रॅम. कृतीच्या कागदावर फक्त ‘सोडियम अ‍ॅसिटेट २० टक्के’ असं लिहिलेलं असतं, चूक तिथूनच शिरते. क्लस्टर प्रोटॉनांच्या मदतीने फुटतो, त्यामुळे पीएच खाली गेला की घड्याळच वेगाने धावतं. नवं मिश्रण केलं, पुन्हा पाच दिवस.

२६ जानेवारी: फेरॉन, दुसरी मालिका

मिश्रणाचा पीएच ५.१. अखेरच्या शोषणांकातून त्या त्या वेळचा शोषणांक वजा करून त्याचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला: ३ ते ६० मिनिटं सरळ रेषा, स्थिरांक दर मिनिटाला ०.०४, अर्धायुकाल १७ मिनिटं.

यातून नेहमीच्या पद्धतीतल्या दोन चुका उघड्या पडतात. पहिली: १ मिनिटाचं वाचन जसंच्या तसं अ भाग म्हणून घेतलं तर ६.७ टक्के येतं. पण त्या एका मिनिटात क्लस्टरचेही जवळपास ४ टक्के फुटलेले असतात. रेषा शून्य वेळेपर्यंत मागे नेली की खरा अ भाग ३ टक्के. दुसरी: घाईने ६० मिनिटांना थांबलं तर क्लस्टरचे ९ टक्के अजून शाबूत असतात आणि ते क भागात ढकलले जातात. १२० मिनिटांनी ९९ टक्के फुटतं, तेवढं थांबावंच लागतं.

आज: अ ३, ब ९५, क २.

क्लस्टर फुटतो म्हणजे आत काय होतं? केसी यांच्या गटाने २००० मध्ये ऑक्सिजन-१७ एनएमआरने दाखवलं की दोन प्रकारच्या हायड्रॉक्सो पुलांतला ऑक्सिजन पाण्याशी अदलाबदल करतो, पण दोन्हींच्या वेगात सुमारे हजारपट फरक असतो. मधले चार ऑक्सिजन तर क्लस्टर उलगडेपर्यंत जागचे हलत नाहीत. म्हणजे फेरॉनच्या रंगाचा वेग हा रंग धरण्याचा वेग नसून पूल सुटण्याचा वेग आहे.

२९ जानेवारी: नुसत्या क्लस्टरचा वर्णपट

क्लोराइड द्रावण, ३९ मिलिमोलार, क्वार्ट्झ, २२० ते ८०० नॅनोमीटर. पॉलिस्टायरीनचे क्युव्हेट अतिनील भागात स्वतःच शोषतात, इथे निरुपयोगी.

अपेक्षेप्रमाणे काही नाही. अ‍ॅल्युमिनियम-तीनमध्ये डी इलेक्ट्रॉन नाहीत, या टप्प्यात संक्रमणच नाही. १८ तारखेच्या एकदाच गाळलेल्या नमुन्यात मात्र ४०० च्या खाली शोषण चढताना दिसत होतं. शोषणांकाचा आणि तरंगलांबीचा लॉगॅरिदम एकमेकांसमोर मांडला तर सरळ रेषा, उतार उणे ४ च्या जवळ. हे शोषण नव्हे, बारीक कणांनी प्रकाश विखुरणं. बेरियम सल्फेटच. रुंद, शिखर नसलेला चढ दिसला की आधी हा आलेख काढायचा आणि मगच ‘पट्टा’ हा शब्द वापरायचा.

३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी: अल-३०

९ तारखेच्याच कृतीने केलेलं, सल्फेट न घातलेलं नवं द्रावण बंद टेफ्लॉन बाटलीत ९० अंशांवर ४८ तास. शुद्ध क्लोराइड मुद्दाम घेतलं नाही: अल-३० म्हणजे दोन केग्गिन एकके आणि त्यांना जोडणारे चार सुटे अ‍ॅल्युमिनियम. शुद्ध द्रावणात सुटा अ‍ॅल्युमिनियम जवळपास नसतो, तो आधी काही अल-१३ फुटून यावा लागतो. अल-३० ची स्फटिकरचना २००० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. भार अधिक १८.

एनएमआरमध्ये ६३ ची रेषा बसली आणि ७० च्या आसपास रुंद उंचवटा आला. पीएच उतरला. लेझरची रेघ दिसत नाही, द्रावण निवळच.

फेरॉनमध्ये मात्र क भाग भरपूर वाढला. क भाग म्हणजे कलिल, असं सर्रास लिहिलं जातं. इथे कलिल नाही. अल-३० इतका सावकाश फुटतो की दोन तासांत फेरॉनच्या हिशोबात येतच नाही. क भाग जास्त आणि लेझरची रेघ नाही, तर अल-३०. क भाग जास्त आणि रेघ दिसते, तर जेल. एनएमआर हाताशी नसेल तर पाच सेकंदांची ही लेझरची तपासणी पुष्कळ काम करते.

५ फेब्रुवारी: प्रतिदीप्ती

फेरॉन-अ‍ॅल्युमिनियमची चमक मंद असते, आयोडीनसारखा जड अणू उत्तेजित ऊर्जा प्रकाशावाचून जिरवतो. आयोडीन नसलेलं ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन-५-सल्फोनिक आम्ल घेतलं. २२.५ मिलिग्रॅम १०० मिलित, १ मिलिमोलार. त्याचं २.५ मिलि २५ मिलित; अ‍ॅल्युमिनियम २ मायक्रोमोलार, लिगंड (धातूला जोडलं जाणारं संयुग) ५० पट. अ‍ॅसिटेट बफर, पीएच ५.५. उत्तेजन ३७० नॅनोमीटर, उत्सर्जन ५०० च्या आसपास.

सेंद्रिय प्रकाश-डायोडमधलं प्रसिद्ध संयुग याच घराण्यातलं: तीन ऑक्सीन (म्हणजे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन) आणि एक अ‍ॅल्युमिनियम. तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये त्याचा हिरवा डायोड दाखवला. प्रकाश तिथेही ऑक्सीनचा. अ‍ॅल्युमिनियम त्याला ताठ धरून ठेवतो. आणि पाण्याचं वैर तिथेही: वाफेत तापलं की ऑक्सीन सुटतं आणि न चमकणारा काळपट अवशेष राहतो.

सुट्या अ‍ॅल्युमिनियमच्या नमुन्यात चमक थोड्याच वेळात स्थिरावली. अल-१३ च्या नमुन्यात ती अगदी थोडीशी सुरू होऊन चढत राहिली, म्हणजे सगळा प्रकाश क्लस्टरमधून निसटलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. स्थिरांक फेरॉनच्या स्थिरांकाशी जुळवू नये; पीएच वेगळा, लिगंड वेगळा.

काळजी घ्यायच्या गोष्टी, सापडल्या त्या क्रमाने. दिवा सतत चालू ठेवला तर नमुना विटतो आणि चढता आलेख खोटाच वाकतो. शटर लावून दोन मिनिटांनी एकदाच वाचन. उत्तेजनाच्या तरंगलांबीला नमुन्याचा शोषणांक ०.०५ च्या खाली. ३७० ला उत्तेजन दिल्यावर ४२३ च्या आसपास एक छोटं शिखर येतं, ते पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचं (रामन); उत्तेजन ३५० ला नेलं की तेच ३९७ वर सरकतं, खरं उत्सर्जन सरकत नाही. ७४० ला दिसतं ते ३७० चंच दुसऱ्या क्रमाचं प्रतिबिंब.

तुलनेसाठी क्विनीन सल्फेट ०.५ मोलार सल्फ्युरिक आम्लात, क्वांटम उत्पन्न (शोषलेल्या फोटॉनांपैकी परत उत्सर्जित होणारा वाटा) ०.५४. क्युव्हेट आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतला होता आणि संदर्भाची चमक कमी आली. क्लोराइड क्विनीनची प्रतिदीप्ती शमवतो. त्या दिवशीचा संदर्भ बाद. क्युव्हेट सल्फ्युरिक आम्लानेच धुवायचे, आणि क्लोराइड नमुना आधी मोजला असेल तर तीनदा.

१९ फेब्रुवारी: साठवण

क्लोराइड द्रावण, पॉलिप्रॉपिलीन बाटली, खोलीचं तापमान, ३२ दिवस. फेरॉन: अ ४, ब ९३, क ३. लेझरची रेघ नाही. त्याच दिवशी १ मिलिमोलारपर्यंत विरल करून ठेवलेली बाटली मात्र खराब झाली, अ भाग बराच वाढला. साठवायचं ते संहतच, विरल करायचं ते त्याच तासाला लागेल तेवढंच. पीएच ६ च्या वर नेलेला नमुना दुसऱ्या दिवशी गढूळ होता. क्लस्टरचे प्रोटॉन निघून भार घटला की ते एकमेकांना चिकटतात.

पुढच्या खेपेसाठी: अ‍ॅसिटेटच्या बाटलीवर ‘निर्जल’ की ‘ट्रायहायड्रेट’ हे मोठ्या अक्षरात लिहिलं. पंपाची नळी बदलली, टोकाशी पांढरा थर धरला होता.